दोन यमुना आणि एक सातबारा

आज आम्ही तुमच्याशी दोन कादंबऱ्यांबद्दल बोलणार आहोत. दोन्ही शंभर वर्षांहून जुन्या, आणि दोन्हींच्या नायिकेचं नाव यमुना. कादंबरी म्हणजे शिकलेल्यांची करमणूक असं आमच्याही गटातल्या बायका म्हणत होत्या. पण गेल्या पावसाळ्यात शेतीची कामं थांबली, तेव्हा मासिक बैठकीत बचतीचा हिशोब झाला की अर्धा तास मोठ्याने वाचायचं असं आम्ही ठरवलं. त्या वाचनातून जे निघालं ते सांगतो.

पहिली यमुना १८५७ सालची. बाबा पदमनजी यांचं ‘यमुनापर्यटन’. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. साल बघा, उत्तरेत शिपायांचं बंड पेटलेलं आणि इकडे एक माणूस विधवांवर पुस्तक लिहितोय. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली, विधवेला पुन्हा लग्न करता येईल असा कायदा इंग्रज सरकारने केला होता. या गोष्टीतली यमुना लिहायला-वाचायला शिकलेली आहे. ती नवऱ्याबरोबर, विनायकबरोबर, गावोगाव फिरते आणि जिथे जाईल तिथे कुणा ना कुणा विधवेची कर्मकहाणी तिच्या कानावर येते. पुढे विनायक वारतो आणि ज्यांच्याबद्दल ती नुसतं ऐकत होती त्यांच्यातलीच ती एक होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि दुसरं लग्न करते. पदमनजी स्वतः ख्रिस्ती झालेले होते, त्यामुळे गोष्टीची वाट त्यांनी आपल्याला हवी तिकडे वळवली, हे लपत नाही. पुस्तकात उपदेश जास्त आहे. पण पर्यटन ही युक्ती आम्हाला आवडली. एका घरातलं दुःख त्या घराचं नशीब म्हणून सोडून देता येतं. दहा गावांत तेच दिसलं की ती रीत आहे आणि रीत माणसांनी घातलेली आहे, हे न सांगता कळतं. आपण दुसऱ्या गावच्या गटाला भेट द्यायला जातो ना, तसंच.

दुसरी यमुना म्हणजे हरि नारायण आपट्यांची यमू. ‘पण लक्षात कोण घेतो?’ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ही गोष्ट हप्त्याहप्त्याने छापली. ती यमू स्वतःच सांगते. पुरुषाने बाईच्या तोंडून लिहिलेली असूनही वाचताना बाईच बोलतेय असं वाटत राहतं. काशीबाई कानिटकर या लेखिकेशी आपट्यांचा स्नेह होता. बायकांच्या घरातलं ऐकायला त्यांना कुणीतरी होतं, असं आम्हाला वाटतं.

ही यमू लहानपणापासून सांगायला लागते. खेळणं, भावाची माया, मग लग्न. नवरा रघुनाथराव चांगला, तिला शिकवणारा. दोघं मुंबईला राहतात ते दिवस पुस्तकातले सगळ्यात उजेडाचे. तिची मैत्रीण दुर्गी मात्र नवऱ्याच्या हातून हाल सोसते. या दोघींना लेखकाने शेजारी उगाच ठेवलेलं नाही. दुर्गीचं कुंकू शाबूत आहे आणि सुख नाही. यमूला सुख मिळालं आणि कुंकूच गेलं. सवाष्ण म्हणजे सुखी असं आपण धरून चालतो, ते दुर्गीकडे बघून डळमळतं.

रघुनाथराव वारतात आणि यमू सासरच्या ताब्यात येते. तिथे शंकरमामंजी आहेत. तोंडाने धर्म, आचार, घराण्याची अब्रू. आणि स्वतःचं वागणं विचारू नका. त्यांच्या हट्टाने यमूचे केस जबरदस्तीने काढले जातात. हा भाग आम्ही वाचला तेव्हा बैठकीत कुणी बोललं नाही. एरवी वाचन चालू असताना भाजी निवडणं, पोरांना दटावणं चालू असतं, त्या दिवशी तेही थांबलं.

केसांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. केस परत वाढतात, मग यात एवढं काय, असं एका मुलीने विचारलं. परत वाढतात म्हणूनच पुन्हा पुन्हा काढायचे, दर थोड्या दिवसांनी न्हाव्यापुढे बसायचं. तो एक दिवसाचा शोक नव्हता. आता तू कुणाची नाहीस आणि स्वतःचीही नाहीस, हे तिला जन्मभर आठवण करून द्यायची ती सोय होती. या यमूला वाचता येत होतं, विचार करता येत होता. ते कुणाला काढून घेता येईना, म्हणून डोक्यावरचं काढून घेतलं.

आणि एक गंमत पाहा. ज्या १८९० साली ‘करमणूक’ निघालं, त्याच साली मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. कामगारांचे पुढारी आणि जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. कादंबरीतला न्हावी हुकमाचा ताबेदार, पण खऱ्या मुंबईतल्या न्हाव्यांनी हत्यार खाली ठेवलं. पुढच्याच वर्षी, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचं वय १० वरून १२ करण्यावरून मोठा गदारोळ उठला. यमूची गोष्ट छापली जात होती ती अशा दिवसांत.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलू. केशवपन ही मुख्यतः ब्राह्मणांच्या आणि त्यांचं बघून चालणाऱ्या काही घरांतली रीत होती. आपल्या बहुतेकींच्या पणज्या शेतात राबणाऱ्या. त्यांच्यात पाट लागायचा, मोहतूर व्हायचा. मग आपल्याकडे सगळं बरं होतं का? पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोइतका मान नसायचा. शिवाय १८५६ च्या त्या कायद्यातच एक खोच होती: विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क जाईल. ज्या जातींत पाट आधीपासून चालत होता, त्यांच्या बायकांनाही मुंबईच्या हायकोर्टाने पुढे हाच नियम लावला. म्हणजे एकीचे केस गेले, दुसरीची जमीन गेली. यमूवर कादंबरी लिहिली गेली. जमीन गेलेलीवर त्या काळात तशी कादंबरी आमच्या वाचनात नाही.

हे आम्हाला सुचलं ते पुस्तकांमुळे नाही. आमच्या गटात एक मावशी आहेत. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या चहा करायच्या आणि चुलीपाशीच बसायच्या. वाण लुटताना त्यांना बाहेर बोलवावं हे आमच्यापैकी एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं, आणि आम्ही स्वतःला गट म्हणवतो. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं बंद करण्याचा ठराव केला, मग सरकारनेही इतर गावांना तसं करा म्हणून कळवलं. ते परिपत्रक आम्ही बैठकीत वाचून दाखवलं होतं. टाळ्याही वाजवल्या होत्या. चहा तेव्हाही मावशींनीच केला होता.

तर केस काढण्याचा भाग संपल्यावर सगळ्या गप्प असताना मावशी म्हणाल्या, “डोकं भादरलं ते कळलं. पण त्या पोरीच्या नावावर काही होतं का?”

आम्हाला उत्तर देता आलं नाही. इतक्या वेळा वाचून हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. मग आम्ही त्यांना विचारलं, मावशी, तुमच्या नावावर काय आहे? त्या म्हणाल्या, दीर बघतात सगळं. १९५६ च्या वारसा कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हिस्सा दिला आणि तो पूर्ण मालकीचा, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम आमचंच होतं.

त्या दिवशी इतिवृत्तात वाचनाची नोंद झाली आणि तिच्याखाली दुसरी: गटातल्या पाचही विधवा सभासदांचे सातबारा उतारे पुढच्या बैठकीत आणायचे, वारसनोंद झाली नसेल तर तलाठ्याकडे सगळ्यांनी मिळून जायचं. तीन उतारे आले. दोघींची नावं नव्हती, त्यांचे अर्ज दिले आहेत. मावशींचा उतारा अजून दिराकडेच आहे, मागायला त्या बिचकतात. येत्या सोमवारी आमच्यापैकी चौघी त्यांच्याबरोबर जाणार आहोत.