मोडायचं यंत्र : प्रस्तावना

१९६९ साली न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जने मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या अवाढव्य प्रकल्पातून अंग काढून घेतलं. तिथल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, की आता काम करायचं कशावर? नवा संगणक घेऊन द्या, अशी मागणी त्यांनी वरिष्ठांकडे करून पाहिली. ती मान्य झाली नाही. मग थॉम्पसन यांना फारसं कुणी वापरत नसलेला एक पीडीपी-७ संगणक सापडला. तो तेव्हाही जुनाच समजला जाई. आधी त्यांनी त्यावर अंतराळप्रवासाचा एक खेळ चालवला. मग त्याच उन्हाळ्यात, पत्नी लहान मुलाला घेऊन कॅलिफोर्नियाला गेलेली असताना, कर्नल, शेल, एडिटर आणि असेम्ब्लर असं सगळं महिन्याभरात उभं केलं. युनिक्स जन्मलं ते असं, दुसऱ्यांनी बाजूला सारलेल्या यंत्रावर.

‘घरी लॅब कशाला? क्लास लावला की झालं,’ असं म्हणणाऱ्यांना मी ही हकीगत सांगतो. घरच्या जुन्या संगणकावर युनिक्स शिकणं हा गरिबाचा पर्याय नाही. या विद्येची ती मूळ वहिवाट आहे.

ही वहिवाट पुढेही तुटली नाही. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जॉन लायन्स यांनी १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा सोर्स कोड विद्यार्थ्यांसाठी छापला आणि त्यावर ओळीओळीने भाष्य लिहिलं. आपल्याकडे सूत्रांवर भाष्य लिहीत तसंच ते काम. सातव्या आवृत्तीपासून परवान्याच्या अटी कडक झाल्या, वर्गात सोर्स कोड शिकवायला बंदी आली. मग त्या भाष्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स जगभर फिरू लागल्या. रीतसर पुस्तक निघायला १९९६ उजाडलं. याच बंदीमुळे अ‍ॅम्स्टरडॅममध्ये अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी मिनिक्स नावाची स्वतंत्र प्रणाली लिहिली. ती १९८७ सालची. चार वर्षांनी हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने हप्त्यांवर ३८६ संगणक घेतला आणि त्यावर मिनिक्स घातलं. पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. फारशी ठाऊक नाही ती ही : मोडेमला द्यायचा नंबर फिरवण्याचा आदेश या गृहस्थाने चुकून हार्ड डिस्कला दिला आणि मिनिक्सचं पार्टिशन खराब करून बसला. मिनिक्स पुन्हा घालण्याऐवजी तो स्वतः लिहीत असलेल्या अर्ध्याकच्च्या लिनक्सवरच राहायला गेला. ही चूक कचेरीतल्या यंत्रावर झाली असती तर त्याला ताकीद मिळाली असती. घरी झाली, म्हणून फळली.

आता ‘युनिक्स’ या नावाबद्दल. कायद्याने पाहिलं तर हा ‘द ओपन ग्रुप’ या संस्थेचा ट्रेडमार्क आहे आणि तिच्या कसोट्यांना उतरलेल्या प्रणालीलाच तो लावता येतो. या हिशेबाने मॅकओएस २००७ पासून युनिक्स ठरतं आणि ज्यावर अर्धं जग चालतं ते डेबियन ठरत नाही! या पुस्तकात मी हा शब्द सैलपणे, कुळाच्या अर्थाने वापरला आहे. लिनक्स, फ्रीबीएसडी, सोलारिस ही सगळी त्या कुळातली. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांची क्षमा मागतो.

ज्यांच्यासाठी ही लॅब उभारायची त्या प्रमाणपत्राच्या परीक्षा ढोबळमानाने दोन जातींच्या आहेत. एलपीआयसी-१ ही प्रश्नोत्तरांची : दोन पेपर, प्रत्येकी ९० मिनिटं आणि ६० प्रश्न, त्यांतले काही रिकाम्या जागा भरा अशा थाटाचे. रेड हॅटची आरएचसीएसए निराळी. तिथे पर्याय नसतात. समोर यंत्र देतात, कामांची यादी देतात आणि घड्याळ लावतात. इंटरनेट नाही, यंत्रातली मॅन पानं तेवढी हाताशी. एक अट तर मला भारी आवडते. तुम्ही केलेली प्रत्येक गोष्ट यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकली पाहिजे. नाहीतर तिचे गुण गेले.

ही अट किती शहाणपणाची आहे ते मला फार महागात पडून कळलं. पुण्यातल्या एका कंपनीत मी रात्रपाळीला होतो. एका सर्व्हरला नवी डिस्क जोडली, माउंट केली, एफएसटॅब या फाइलीत तिची ओळ लिहिली. डिस्क दिसत होती, लोक फाइली ठेवत होते, काम झालं म्हणून मी मोकळा. यंत्र काही रीबूट करून पाहिलं नाही. तीन महिन्यांनी पावसाळ्यात वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली. वीज परतल्यावर बाकीची सगळी यंत्रं उठली, हे एक उठेना. पडद्यावर देखभालीसाठी रूटचा पासवर्ड मागून ते थांबलेलं. माझ्या ओळीत डिस्कच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. चूक सापडली, पण दुरुस्त केलेली फाइल व्हीआय हा एडिटर जतन करीना; कारण अशा अवस्थेत मूळ फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती माउंट झालेली असते. ती आधी लिहिण्याजोगी करून घ्यावी लागते, एका ओळीची कमांड आहे. ती मला ठाऊक नव्हती. पहाटे साडेतीनला, वरिष्ठ मागे उभे असताना, मी मॅन पानं चाळत होतो.

दुसऱ्याच आठवड्यात मी घरी एक जुना डेस्कटॉप आणला आणि त्यावर तीच चूक मुद्दाम वीसेक वेळा केली. या पुस्तकाचा खरा आरंभ तो. म्हणून इथल्या प्रत्येक प्रकरणाला दोन भाग आहेत, आधी बसवायचं, मग मोडायचं. रूटचा पासवर्ड ‘विसरायचा’ आणि बूट होताना मध्येच अडवून आत शिरायचं. हे तर आरएचसीएसएच्या अभ्यासक्रमातच आहे. डिस्क भरून टाकायची. एसईलिनक्स या सुरक्षायंत्रणेची लेबलं बिघडवायची आणि वेबसर्व्हर एकाएकी गप्प का झाला ते लॉगमधून हुडकायचं. एसईलिनक्स बंद करून सुटका करून घेणारे पुष्कळ भेटतात. परीक्षेत ती पळवाट चालत नाही, आणि माझ्या मते नोकरीतही चालू नये.

सामान फार लागत नाही. एकेकाळी यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुनी तीन यंत्रं, एक हब आणि वायरींचा गुंता आणावा लागे, आणि घरातले लोक त्या खोलीचं दार लावून घेत. आज एकाच संगणकात तीन-चार व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, नांदतात. रॅम १६ जीबी असेल तर उत्तम, ८ जीबीत जमवून घेता येतं. प्रत्येक व्हीएमला एक-दोन जीबी रॅम आणि वीसेक जीबी डिस्क पुरते, कारण ग्राफिक पडदा आपण घालणारच नाही. शिवाय एकेक जीबीच्या तीन-चार रिकाम्या व्हर्च्युअल डिस्क जोडायच्या. एलव्हीएमचा सगळा खेळ त्यांच्यावर. प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये बंद असते आणि नवखा माणूस दोन दिवस कपाळ बडवत बसतो, ते आधी तपासा. मोडण्यापूर्वी स्नॅपशॉट घ्या. मात्र दर चुकीला स्नॅपशॉटवर परतायची सवय लागली तर दुरुस्ती कधीच शिकणार नाही. तो शेवटचा उपाय.

एक घरगुती सूचना. डीएचसीपी सर्व्हरचा सराव करताना व्हीएमचं नेटवर्क घराच्या राउटरपासून वेगळं ठेवा. नाहीतर घरातले फोन आणि टीव्ही तुमच्या सर्व्हरकडे पत्ता मागू लागतात, तो देतोही, आणि ऐन मालिकेच्या वेळी इंटरनेट बंद पडतं. त्यानंतर लॅबला घरातून मिळणारा पाठिंबा कायमचा आटतो.

कोणतं युनिक्स घ्यावं, यावर वाद घालण्यात लोक वर्षं घालवतात. माझं उत्तर, जी परीक्षा द्यायची तिच्या जवळचं. रेड हॅटच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी पूर्वी सेंटओएस होतं. त्याची आठवी आवृत्ती २०२१ अखेर बंद झाली आणि तिच्या जागी अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स आले. व्यक्तीला विनामूल्य मिळणारं रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शनही आहे. सोलारिस इंटेल यंत्रावर चालतं. आयबीएमचं एआयएक्स मात्र पॉवर प्रोसेसर मागतं, तेव्हा ते घरी आणायचा विचार सोडा. फ्रीबीएसडीवर एक प्रकरण मी हट्टाने घातलं आहे, जरी त्यासाठी नोकऱ्या कमी. त्याचं हँडबुक वाचलं की चांगलं तांत्रिक लेखन म्हणजे काय ते कळतं. आणि शेवटच्या परिशिष्टात पीडीपी-११चा सिम्युलेटर चालवून १९७५ची सहावी आवृत्ती बूट केली आहे. तिथे ‘सीडी’ ही कमांड नाही, ‘सीएचडीआयआर’ असं सगळं लिहावं लागतं. परीक्षेत याचा एका गुणाचाही उपयोग नाही. तरी करून पाहा.

हे पुस्तक मराठीत का, असंही विचारलं गेलं. युनिक्सवर मराठी माणसांनी लिहिलेलं नाही असं नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या शेल प्रोग्रॅमिंगवरच्या पुस्तकाने माझ्यासारख्या अनेकांना हात दिला, पण ते इंग्रजीत. परीक्षा इंग्रजीत, मॅन पानं इंग्रजीत, तेव्हा कमांडचं मराठीकरण करण्याचा खुळेपणा मी केलेला नाही. डेमन हा डेमनच राहिला आहे. परंतु ‘हे असं का घडलं?’ हा प्रश्न माणूस स्वतःला आपल्या भाषेत विचारतो, आणि लॅबमध्ये दिवसभर हाच एक प्रश्न असतो. जाता जाता : लिनक्सवर मराठी दाखवणाऱ्या एका टाइपकुळाचं नाव ‘लोहित’ आहे, म्हणजे लाल, रेड हॅटने ते सर्वांसाठी खुलं केलं. तेव्हा आपली अक्षरं या घरात आधीच येऊन राहिली आहेत.

पुस्तक सलग वाचू नका, टर्मिनल उघडं ठेवून वाचा. शेजारी दोनशे पानी वही असू द्या. काय टाइप केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे तारखेसह हाताने लिहा. माझ्या त्या वीस चुकांची वही अजून माझ्याकडे आहे आणि सहावं प्रकरण जवळजवळ तिच्यातूनच उतरलं आहे.

पहिलं प्रकरण डिस्कच्या पार्टिशनपासून सुरू होतं. ज्या संगणकावर लॅब उभारणार त्यात घरच्यांचे फोटो असतील, तर पान उलटण्याआधी ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा.