बहिरेपणासोबत दृष्टिदोष असताना कॉक्लियर इम्प्लांट

ऐकू न येणारी व्यक्ती पुष्कळसे काम डोळ्यांवर भागवते. समोरच्याचे ओठ वाचते, खुणांची भाषा समजून घेते, रस्ता ओलांडताना गाड्या पाहते. नजरही अधू होत गेली तर हा आधार सुटतो. म्हणूनच अशा व्यक्तींच्या बाबतीत कॉक्लियर इम्प्लांटचा विचार लवकर करावा लागतो.

कारणे
अशर सिंड्रोम हे यामागचे एक प्रमुख आनुवंशिक कारण आहे. त्याच्या पहिल्या प्रकारात मूल जन्मतःच जवळजवळ पूर्ण बहिरे असते, तोल सांभाळायला त्याला त्रास होतो आणि ते उशिरा चालू लागते. पुढे रातांधळेपणा येतो व दृष्टीचा घेर आक्रसत जातो. गरोदरपणी आईला झालेल्या रुबेला संसर्गामुळेही बाळाचे कान आणि डोळे दोन्ही बाधित होऊ शकतात.

इम्प्लांटचे कार्य
कानामागे लावलेला प्रोसेसर आवाज टिपून त्याचे संकेत त्वचेखालील यंत्राकडे पाठवतो. तिथून ते अंतर्कर्णातील इलेक्ट्रोडमार्फत थेट श्रवण मज्जातंतूला मिळतात. मज्जातंतूच नसेल तर मात्र इम्प्लांटचा उपयोग होत नाही.

दोन्ही कानांत इम्प्लांट असल्यास आवाज कोणत्या दिशेने आला हे ओळखणे सोपे जाते. कमी दिसणाऱ्याच्या दृष्टीने हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

वेळ आणि मर्यादा
इम्प्लांटमुळे नैसर्गिक ऐकणे परत येत नाही. मेंदूला नव्या संकेतांचा अर्थ लावायला शिकावे लागते, त्यासाठी दीर्घकाळ थेरपी लागते. जन्मतः बहिऱ्या मुलांना पहिल्या काही वर्षांतच इम्प्लांट मिळाले, तर बोली भाषा शिकण्याची शक्यता वाढते. कधीच न ऐकलेल्या प्रौढाला शब्द समजतीलच असे नाही. पण हाक, हॉर्न, दाराची बेल कळणेही मोलाचे ठरते.

आंघोळ करताना, झोपताना किंवा बॅटरी संपल्यावर पुन्हा शांतता असते. त्यामुळे स्पर्शाच्या खुणा, ब्रेल आणि पांढरी काठी यांचे शिक्षण थांबवू नये.

भारतातील तरतूद
दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये बहिरांधत्वाचा समावेश बहुदिव्यांगत्वात आहे. केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून पात्र लहान मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते. मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत त्याची चौकशी करता येते. जन्मतः बहिऱ्या प्रत्येक बाळाचे डोळेही तपासून घेणे, ही पहिली पायरी आहे.