दाखल रजिस्टरात दडलेली साथ

शाळेत नवे मूल आले की आपण रजिस्टरात त्याची जन्मतारीख लिहितो. पुढे ती बहुधा दाखल्यापुरतीच लागते. पण अशाच जन्मतारखांनी एकदा वैद्यकशास्त्रातला एक वाद मिटवायला मदत केली. ही हकीकत ऑस्ट्रेलियातली आहे.

सन १९४१. सिडनीतील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही मुले एकामागून एक येऊ लागली. एरवी असे मूल क्वचितच दिसते. मग एकाएकी इतकी कुठून आली? दवाखान्यात थांबलेल्या दोन आयांचे बोलणे ग्रेग यांच्या कानावर पडले, असे सांगतात. दोघींनाही गरोदरपणी रुबेला झाला होता.

रुबेला म्हणजे बारीक ताप आणि अंगावर लालसर पुरळ. तीन-चार दिवसांत बरा होणारा हा आजार तेव्हा कोणी फारसा मनावर घेत नसे. १९४० मध्ये ऑस्ट्रेलियात त्याची मोठी साथ येऊन गेली होती. ग्रेग यांनी इतर डॉक्टरांकडूनही माहिती मागवली. जन्मजात मोतीबिंदूच्या ७८ मुलांपैकी ६८ जणांच्या आयांना गरोदरपणी रुबेला झाल्याचे आढळले. ऑक्टोबर १९४१ मध्ये त्यांनी हा निबंध वाचला.

त्यात भर होता तो डोळ्यांवर आणि हृदयाच्या दोषांवर. बहिरेपणाचे काय? मोतीबिंदू बुबुळात पांढरा दिसतो, बहिरेपण दिसत नाही. तान्हे मूल रडते, हसते. कानाचा आकारही नेहमीसारखा असतो. वर्ष-दीड वर्षाचे झाले तरी बोलत नाही, तेव्हा घरात शंका येते. ग्रेग यांचे काम वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत गेल्यावर बहिऱ्या मुलांच्या आयांनी आपण होऊन त्यांना कळवले, की आम्हालाही रुबेला झाला होता. १९४३ मध्ये चार्ल्स स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पाहणीत बहिरेपणाची रीतसर नोंद झाली.

तरीही १९४४ मध्ये 'लॅन्सेट'ने हा पुरावा पुरेसा मानला नाही. आम्हा संशोधकांना ही शंका रास्त वाटते. मूल आजारी निघाल्यावर आईला मागचे आठवायला सांगितले, तर त्या आठवणीवर किती भिस्त ठेवायची?

याला उत्तर दिले ते ऑलिव्हर लँकॅस्टर या संख्याशास्त्रज्ञाने, १९५१ मध्ये. त्यांनी जुन्या जनगणना काढल्या. १९११ च्या जनगणनेत १० ते १४ वयोगटात बहिऱ्यांची संख्या आजूबाजूच्या वयोगटांपेक्षा बरीच जास्त होती. १९२१ मध्ये हाच उंचवटा २० ते २४ वयोगटात होता. म्हणजे तीच मुले दहा वर्षांनी मोठी झाली होती! बहिऱ्या मुलांच्या शाळांतील नोंदींवरून त्यांनी जन्मतारखा पाहिल्या, तर १८९९ च्या सुमाराच्या जन्मांची गर्दी दिसली, आणि त्याच्या जरा आधी रुबेलाची साथ येऊन गेली होती. इथे कोणाच्या आठवणीचा प्रश्नच नव्हता. पुरावा चाळीस-पन्नास वर्षे कागदावर होता, फक्त कोणी तो एकत्र मांडून पाहिला नव्हता.

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचे अवयव घडत असतात. त्यावेळी हा विषाणू वारेतून गर्भात शिरला, तर अंतर्कर्णातील गोगलगाईच्या शंखासारख्या नळीला इजा होते. १९६४-६५ च्या साथीत अमेरिकेत सुमारे २०,००० मुले रुबेलाचे दोष घेऊन जन्मली; त्यांतील निम्म्याहून अधिक बहिरी होती. १९६९ मध्ये तिथे लस वापरात आली. आपल्याकडे गोवर-रुबेला लसीची मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये गोव्यासह काही राज्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात. तेव्हा शाळाशाळांतून मुले रांगेत उभी होती. सुई मुलीच्या दंडात, संरक्षण तिच्या पुढे होणाऱ्या बाळाच्या कानांना! आणि मुलग्यांना टोचायचे ते साथ घरात शिरू नये म्हणून.

जन्मजात बहिरेपणाची कारणे इतरही आहेत. आनुवंशिकता हे त्यांतले मोठे. बाहेरचा कान अपुरा वाढलेल्या कित्येक मुलांचा आतला कान मात्र शाबूत असतो, आणि हाडावाटे ध्वनी पोचवणाऱ्या यंत्राने ती ऐकू शकतात. पण आपल्या समाजात अजूनही पहिला प्रश्न येतो तो आईला: ग्रहण पाळले नव्हतेस का? चंद्र-सूर्याच्या सावलीचा गर्भाच्या कानाशी काही संबंध नाही. ग्रेगही आयांना प्रश्नच विचारत होते. पण ते कारण शोधत होते, दोष लावत नव्हते.

आपल्या वर्गात हाक मारली तरी वळून न पाहणारे, किंवा आपल्या ओठांकडे टक लावून बसणारे मूल असेल. त्याला 'लक्ष नाही' असा शेरा देण्याआधी त्याची श्रवणचाचणी झाली आहे का, एवढे विचारावे. नवजात बाळाचीही ही तपासणी आता काही मिनिटांत होते. ती जितकी लवकर, तितकी भाषा लवकर हाती लागते, मग ती बोलीतून असो वा खुणांतून.