जमालपूरच्या दक्षिणेचा रस्ता

सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याकडे ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना लष्कर नवं नाही. दुसऱ्या महायुद्धात इथला विमानतळ रॉयल एअर फोर्सचा तळ होता आणि कलिन्याचा मिलिटरी कॅम्प अजूनही आहे. डिसेंबर 1971 मध्ये मी अकरा वर्षांची होते. खिडक्यांच्या काचांना तपकिरी कागद चिकटवलेले, मोटारींचे दिवे वरून अर्धे काळे रंगवलेले, आणि भोंगा वाजला की सगळी बिऱ्हाडं जिन्याखाली. विमानतळावर टाकलेला बाँब थोडा चुकला तर आपल्यावरच, असं मोठी माणसं म्हणायची. आमचं युद्ध म्हणजे तो काळोख.

आमच्या इमारतीतले हवालदारकाका त्याच रात्री पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, ब्रह्मपुत्रेपलीकडे भाताच्या शेतात पालथे पडलेले होते. हे मला कळायला फार वर्षं गेली. काका सातारा जिल्ह्यातले, पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे, म्हणजे जंगी पलटणीचे. पेन्शनीत निघाल्यावर मुंबईत आले, सिक्युरिटीची नोकरी केली, आता मुलाकडे असतात. मी शाळेत इतिहास शिकवायचे. 1971 चं युद्ध मी वर्षानुवर्षं दोन परिच्छेदांत संपवलं होतं: माणेकशॉ, अरोरा, नियाझी, 93,000 युद्धकैदी. मी निवृत्त झाले त्या सुमाराला काका एकदा म्हणाले, "बाई, तुमच्या पुस्तकात जमालपूर नाही." त्यात तक्रार नव्हती. पण मग त्यांनी हळूच विचारलं, "तिथं जाता येतं का हो आता?"

लढाईच्या जागी परत जाण्याची प्रथा युरोपात पहिल्या महायुद्धानंतर रुजली. ऑगस्ट 1928 मध्ये ब्रिटिश लीजनने सुमारे 11,000 माणसं फ्रान्स-बेल्जियमला नेली. त्यांत माजी सैनिक होते, तशा विधवा आणि आयाही होत्या. त्याच महायुद्धात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी सहाव्या, पूना डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात लढल्या. कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि 29 एप्रिल 1916 ला कैदेत गेल्या. कुतची ती जागा पुन्हा दाखवायला त्यांतल्या जगलेल्या शिपायांना कुणी नेलं नाही. साताऱ्याच्या अपशिंग्याने त्या युद्धात 46 माणसं गमावली. आपल्या गावांना मिळाले ते दगड, आणि दगडावर आकडा. माणूस नेमका कुठे पडला ते गावाला माहीत नसायचं. बसरा, फ्रान्स, आफ्रिका एवढंच.

माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, देह मिळाला नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. ते लढले त्या परिसरात, मोन्तोने गावात, त्यांचं स्मारक 2023 मध्ये झालं. एकोणऐंशी वर्षांनी. एवढा उशीर होतो तेव्हा 'ही नव्हे, ती टेकडी' असं सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

1971 चे शिपाई अजून आहेत, म्हणून मला घाई वाटत होती. विजय दिनाला भारतीय माजी सैनिकांचं पथक ढाक्याला जातं आणि मुक्तियोद्ध्यांचं पथक कोलकात्याला येतं. हा चांगला रिवाज आहे. पण त्यात समारंभ असतात, सत्कार असतात. एखाद्या शिपायाचा बांध शोधायला वेळ नसतो. म्हणून आम्ही आपले स्वतःच निघालो. 2022 च्या डिसेंबरात काका, त्यांचा मुलगा आणि मी कोलकात्यावरून ढाक्याला गेलो.

निघण्याआधी मी जे मिळेल ते वाचून काढलं. 95 माउंटन ब्रिगेड, ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर. मेघालयातून खाली उतरताना पहिलं ठाणं कमालपूर, ते 4 डिसेंबरला शरण आलं. मग बक्षीगंज, मग जुनी ब्रह्मपुत्रा. जमालपूर नदीच्या दक्षिण काठावर, तिथे पाकिस्तानची 31 बलुच. समोरून धडक देण्याऐवजी लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांची मराठा पलटण नदी ओलांडून शहराच्या मागे गेली आणि टांगाइल-ढाक्याकडे जाणारा रस्ता धरून बसली. गावकऱ्यांच्या नावा आणि बैलगाड्या नसत्या तर एवढं सामान पार गेलं नसतं, हे काका पुन्हा पुन्हा सांगतात. 9 डिसेंबरला क्लेर यांनी शरण येण्याचं पत्र पाठवलं. ते पांढरं निशाण घेऊन आत नेलं शेरपूरकडच्या जहुरुल हक मुन्शी या मुक्तियोद्ध्याने. त्यांना आत मारहाण झाली. 31 बलुचचे लेफ्टनंट कर्नल सुलतान मेहमूद यांनी उत्तराच्या कागदासोबत बंदुकीची गोळी पाठवली. 10 आणि 11 डिसेंबरच्या मधल्या रात्री त्यांच्या तुकड्या वेढा फोडून दक्षिणेला निघाल्या आणि मराठ्यांच्या नेमांत आल्या. सकाळी रस्त्यावर दोनशेहून अधिक प्रेतं होती, उरलेलं ठाणं शरण आलं.

हे सगळं पुस्तकात आहे. काकांच्या आठवणीत यातलं जवळजवळ काही नव्हतं. ते एलएमजीचे, म्हणजे लाइट मशीनगनचे, दोन नंबर. त्यांना आठवत होतं: डाव्या हाताला मोरी, मागे बांबूचं बेट, पुढे रस्ता, आणि थंडी. ब्रिगेडियरने पत्र पाठवलं हे त्यांना लढाई संपल्यावर समजलं.

अशा माणसाबरोबर जाताना काय करू नये, हे मला एका जुन्या सेनाधिकाऱ्यांनी आधीच बजावलं होतं. त्याला नकाशा दाखवू नका, पुस्तकातलं वाचून दाखवू नका, नाहीतर तो तुमचं वाचलेलंच आठवायला लागेल. मुक्कामांची नावंसुद्धा मी त्यांच्या तोंडून येईपर्यंत उच्चारली नाहीत. फोनवर त्यांचं बोलणं साठवत गेले. सकाळची रक्तदाबाची गोळी, दुपारी तासभर आडवं होणं, संध्याकाळनंतर लढाईचा विषय बंद, हे त्यांच्या मुलाने कडकपणे सांभाळलं आणि ते त्याचं बरोबर होतं.

जमालपूर शहरातून गाडी दक्षिणेला निघाली आणि काका गप्प झाले. रस्ता रुंद, दोन्हीकडे दुकानं, सायकलरिक्षा, विटांच्या भट्ट्या. मोऱ्या बऱ्याच लागल्या, सगळ्या नव्या सिमेंटच्या. प्रत्येक ठिकाणी उतरायचे, बघायचे, मान हलवायचे. जेवायच्या वेळेला त्यांचा चेहरा पार उतरला होता. "मी खोटं बोलत नाही, बाई," असं ते मला म्हणाले. त्यांच्यावर संशय घेण्याचं माझ्या मनातही नव्हतं. पण पन्नास वर्षं सांगितलेली गोष्ट जागेवर सिद्ध होत नाही, हे त्यांना फार लागलं होतं.

मग त्यांनीच तोड काढली. "आम्ही शहरातून आलोच नव्हतो. शहर आम्ही बघितलं ते शरणागतीनंतर. आम्ही शेतातून आलो आणि तोंड शहराकडे करून बसलो." गाडी पुढे सोडून आम्ही बांधावरून चालत उलट्या बाजूने आलो. आमनचं भात कापून झालं होतं, शेतात धसकटं होती. एका चहावाल्याने प्लास्टिकची खुर्ची आणून शेतात ठेवली, कारण काकांचे गुडघे आता वाकत नाहीत. ते त्या खुर्चीत खाली सरकून, जवळजवळ आडवे झाल्यासारखे बसले आणि उत्तरेला बघत राहिले. "रस्ता उंच दिसला पाहिजे," म्हणाले. "आम्ही उभे होतोच कुठं?"

मीही बांधाला टेकून खाली बसले. तिथून रस्त्याचा भराव आभाळाला लागलेला दिसत होता, वरून जाणारी माणसं नुसती काळी दिसत होती. दुकानं भरावाआड गेली होती. काकांनी हात वर करून दाखवायला सुरुवात केली: इथे एक नंबर, तिथे प्लाटून हवालदार, पलीकडे आरसीएल तोफ. जवळ येईपर्यंत फायर नाही, असा हुकूम. बुटांचे आवाज आले, गाड्यांचे आवाज आले, दिवे सगळे बंद. "मॅगझिन भरता भरता बोटं सोलली. ओरडत होतो का, ते आठवत नाही. सगळे म्हणतात, शिवाजी महाराज की जय म्हणत होतो. असेल."

शिपायाचं रणांगण एवढंच असतं, शंभर पावलांचं आणि जमिनीपासून हातभर उंचीचं. पलटणीच्या इतिहासात ते येत नाही, कारण तो इतिहास उभ्या माणसाने, नकाशावर वाकून लिहिलेला असतो. मी तीस वर्षं तोच शिकवला.

माणसं जमली होती. मित्रबाहिनीचा, म्हणजे तेव्हाच्या भारतीय फौजेचा, जवान आला आहे म्हटल्यावर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. ते तेव्हा दहाएक वर्षांचे होते. काकांचं पलटणीतलं हिंदी आणि त्यांचं बांगला यांत दोघांचं चांगलं चाललं. मग काकांनी एक प्रश्न विचारला, तो त्यांनी ना मुलाजवळ कधी काढला होता, ना माझ्याजवळ. "त्यांना कुठं पुरलं?" सकाळी प्रेतं ओढायचं काम त्यांच्या सेक्शनकडे होतं. एकाच्या खिशातून घडी घातलेलं उर्दू पत्र निघालं होतं आणि ते त्यांनी परत खिशातच ठेवलं होतं. म्हाताऱ्यांनी काठीने पश्चिमेला एका वाडीकडे खूण केली. आपले वडील आणि चुलते खड्डे खणायला होते, नक्की जागा कोण सांगणार, म्हणाले. आता तिथे केळी होत्या. काका तिथे जाऊन उभे राहिले, चपला काढून. मुलाने त्यांचा हात धरला नाही, ते मला आवडलं. इतकी वर्षं काकांना इथे यायचं होतं ते विजयासाठी, असं आम्ही धरून चाललो होतो.

पुढचा प्रवास सोपा होता. मधुपूरचं सालवन, अननसाचे मळे, टांगाइल, आणि लोहजंग नदीवरचा पुंगली पूल. 11 डिसेंबरच्या दुपारी टांगाइलजवळ दुसरी पॅरा पलटण छत्र्यांनी उतरली, तिने हा पूल धरला आणि 12 तारखेला जंगी पलटण तिला येऊन मिळाली. इथे मात्र मला राहवलं नाही आणि मी काकांना वाचलेलं सांगितलं. दुसरी पॅरा म्हणजे मुळातली तिसरी मराठा, यशवंत घाडग्यांची पलटण. काकांची पहिली मराठा म्हणजे 9 एप्रिल 1945 ला इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणाऱ्या नामदेव जाधवांची. आणि त्याआधीची 103 वी, कुतला उपाशी राहिलेली. बंगालमधल्या एका पुलावर त्या दोन पलटणी भेटल्या होत्या. काका म्हणाले, "आम्हाला एवढंच ठाऊक होतं की पलीकडून मराठीत शिव्या आल्या, म्हणून आम्ही फायर केला नाही." हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही, आणि ते पुस्तकात असायला हवं.

ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यातलं सरकार गेलं, त्यानंतर व्हिसा अवघड झाले, कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस तर त्याआधी जुलैतच थांबली होती. काकांच्या पलटणीतल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या सोबत्यांना नेण्याचा आमचा बेत राहून गेला. म्हणून आता काम वाकोल्यातच चालतं. रविवारी दुपारी काका फोन लावतात, आवाज मोठा करून ठेवतात आणि मी वहीत शेताचं चित्र काढते: भराव, मोरी, कोण कुठे होतं, तोंड कुठल्या दिशेला. कागदावर उत्तर नेहमी वरच असते, कारण ते सगळे उत्तरेकडे बघत पडले होते. बांबूचं बेट कुठे होतं यावर भांडण आहे. काका मागे म्हणतात, गडहिंग्लजकडचे एक नाईक ठामपणे उजवीकडे म्हणतात, आणि दोघांनाही राग येतो. मी दोन्ही नोंदी ठेवल्या आहेत, दोघांच्या नावांसकट.