सातबारा नसलेला समुद्र : वाढवण बंदरविरोधाचा इतिहास

१/१५
३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपये. याच ठिकाणचे बंदर सप्टेंबर १९९८ मध्ये एका वैधानिक प्राधिकरणाने बेकायदेशीर ठरवून नाकारले होते. २०२३ मध्ये बंदराला ना-हरकत देणारेही तेच प्राधिकरण होते. या २५ वर्षांत नेमके काय बदलले, याचा हा धागा.

२/१५
वाढवण हे डहाणू तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव. ओहोटी लागली की येथील खडकाळ तळ दूरवर उघडा पडतो. खडकांवर कालवे, कपारींत खेकडे, साचलेल्या डबक्यांत माशांची पिल्ले. होडी नसलेली कुटुंबेही पायी चालत जाऊन येथून दिवसाचे कालवण मिळवतात. मागे तिवरांच्या खाड्या, चिकूच्या वाड्या आणि घराघरांत चालणारा, सोन्याच्या दागिन्यांचे साचे घडवणारा डायमेकिंगचा व्यवसाय.

३/१५
‘पाणथळ’ म्हटले की तळे किंवा दलदल डोळ्यांसमोर येते. १९७१ च्या रामसर कराराची व्याख्या मात्र अधिक व्यापक आहे. ओहोटीच्या वेळी ६ मीटरपेक्षा अधिक खोल नसलेला समुद्रही तीत बसतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत गेले. वाढवणचा किनारा त्या यादीत नाही. परंतु करारातील व्याख्येपुरते पाहिले, तर खाऱ्या पाण्याचे लोणार आणि भरती-ओहोटीचा हा किनारा एकाच कुळातले ठरतात.

४/१५
संघर्षाची सुरुवात बंदरापासून झाली नाही. १९८९ मध्ये डहाणूच्या खाडीकाठी ५०० मेगावॅटच्या औष्णिक वीज प्रकल्पाला मंजुरी मिळाली. राख आणि गंधकाचा धूर यांचा परिणाम बागांवर व खाडीवर होईल, असा आक्षेप घेत नर्गिस इराणी यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते न्यायालयात गेले. प्रकल्प थांबला नाही. मात्र, तालुक्याला स्वतःचे कायदेशीर कवच हवे, हा धडा त्या पराभवाने दिला.

५/१५
ते कवच २० जून १९९१ रोजी मिळाले. केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका ‘पर्यावरणीयदृष्ट्या नाजूक’ घोषित केला. उद्योगांची हिरवा, नारिंगी आणि लाल अशी वर्गवारी झाली. लाल वर्गाला तालुक्यात बंदी. उद्योगांसाठी साऱ्या तालुक्यात मिळून कमाल ५०० एकर जमीन. हा ‘लाल’ शब्द लक्षात ठेवावा. पुढील सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

६/१५
कागदावरची अधिसूचना अमलात येईना, तेव्हा पर्यावरणविषयक नियतकालिकाचे संपादक बिट्टू सेहगल यांनी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३१ ऑक्टोबर १९९६ च्या निकालाने स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी डिसेंबरात ‘डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण’ अस्तित्वात आले. अध्यक्ष : उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. एका तालुक्याच्या निसर्गासाठी असा कायमस्वरूपी पहारेकरी मिळणे ही देशात दुर्मीळ गोष्ट होती.

७/१५
पहारेकऱ्याची परीक्षा लगेच झाली. १९९७ मध्ये राज्य सरकारने ‘पी अँड ओ’ या ऑस्ट्रेलियन बंदर कंपनीशी वाढवणसाठी करार केला. मच्छीमार, बागायतदार, आदिवासी आणि डायमेकर एकत्र आले. वाढवण बंदर विरोधी संघर्ष समिती उभी राहिली. प्राधिकरणाने सर्व पक्षांचे म्हणणे ऐकले आणि सप्टेंबर १९९८ मध्ये निर्णय दिला : अशा नाजूक तालुक्यात महाकाय बंदर सर्वस्वी अनुज्ञेय नाही, म्हणून ते बेकायदेशीर. कंपनीने माघार घेतली.

८/१५
हे प्राधिकरण केवळ ‘नाही’ म्हणणारे नव्हते. १९९९ मध्ये त्याने डहाणूच्या वीज प्रकल्पाला धुरातील गंधक काढणारे संयंत्र बसवण्याचा आदेश दिला. पाठपुरावा दीर्घ चालला आणि २००७ मध्ये ते संयंत्र सुरू झाले. पहिल्या लढाईत हरलेल्या लोकांना इतक्या वर्षांनी का होईना, काही मिळाले. प्राधिकरणावरील लोकांचा विश्वास अशा आदेशांतून घडला होता.

९/१५
वाढवणच्या लोकांना बंदराची एवढी धास्ती का? उत्तर उरणमध्ये आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. म्हणजे ज्याच्याकडे जमीन होती, त्याला निदान मागणी करण्यासाठी कागद तरी होता.

१०/१५
त्याच परिसरात १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. शेवा कोळीवाड्यातील विस्थापितांचे पुनर्वसन पुढे कित्येक दशके रेंगाळले. समुद्रातील भरावाने आणि खाड्यांचे मार्ग अडल्याने ज्यांची मासेमारी बुडाली, त्यांना न्यायासाठी २०१५ साल उजाडावे लागले. राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५.१९ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. गेलेल्या मासेमारीलाही किंमत असते, हे या निकालाने मान्य केले.

११/१५
आणि त्याच २०१५ मध्ये वाढवणचा प्रस्ताव परत आला. या वेळी परदेशी कंपनी नव्हती. न्हावा-शेवाचेच बंदर प्रशासन आणि महाराष्ट्र सागरी मंडळ भागीदार होते. ५ फेब्रुवारी २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली. सरकारची बाजूही समजून घ्यावी लागते : येथे सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली आहे, जगातील सर्वांत मोठी कंटेनर जहाजे थेट लागू शकतात आणि भारतीय माल कोलंबो वा सिंगापूरमार्गे वळवावा लागणार नाही. १२ लाख रोजगारांचा दावाही आहे.

१२/१५
सरकारचा आणखी एक युक्तिवाद असा, की बंदर समुद्रात १,४४८ हेक्टर भराव घालून उभे राहील. म्हणून बंदरासाठी गावाची जमीन जाणार नाही. संघर्षाचे मर्म येथेच आहे. शेताला सातबारा असतो. त्यावर नाव असते, क्षेत्र असते, पीक असते. समुद्राला सातबारा नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात डोल लावली, त्या पाण्यावर कोळ्याचे नाव कोठेच लिहिलेले नाही. जमिनीच्या हिशेबात तो विस्थापित ठरत नाही, कारण त्याचे काही गेल्याची नोंदच होत नाही.

१३/१५
आता तो ‘लाल’ शब्द. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना लाल वर्गातून काढून ‘बिगर-औद्योगिक’ कामांच्या वर्गात टाकले. १९९१ ची अधिसूचना रद्द झाली नाही, किनारा बदलला नाही. फक्त बंदराचे वर्गीकरण बदलले. मच्छीमारांनी रस्त्यावर उत्तर दिले : १५ डिसेंबर २०२० रोजी झाईपासून मुंबईच्या कफ परेडपर्यंत किनारपट्टीवर बंद पाळण्यात आला. न्या. धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्येच निवर्तले होते.

१४/१५
त्यानंतर घटना वेगाने घडल्या. ३१ जुलै २०२३ : प्राधिकरणाची अटींसह ना-हरकत. जानेवारी २०२४ : पालघरला जनसुनावणी. फेब्रुवारी : पर्यावरणीय मंजुरी. एप्रिल : मुंबई उच्च न्यायालयाने विरोधी याचिका फेटाळल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जून : मंत्रिमंडळाची अंतिम मान्यता. ज्या संस्थेला लोकांनी २५ वर्षे आपली ढाल मानले, तिच्याच शिक्क्याने वाट मोकळी झाली. संस्था टिकली म्हणजे तिचा मूळ हेतूही टिकला असे गृहीत धरता येत नाही, हा या प्रकरणाचा कटू धडा.

१५/१५
समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या मोताळ्याचा याच्याशी काय संबंध? वाढवण बंदर समृद्धी महामार्गाशी जोडण्याची योजना आहे आणि तो महामार्ग मेहकर, सिंदखेडराजावरून जातो. बुलढाण्याच्या कापसाला जवळचे बंदर मिळाले तर शेतकऱ्याने ते का नको म्हणावे? ऑगस्ट २०२४ मध्येच राज्य मंत्रिमंडळाने ४२६ किलोमीटरच्या वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. त्याचे शेवटचे टोक मोताळा तालुक्यातील नळगंगा प्रकल्प. आरंभीचे टोक गोसीखुर्द, जिथल्या धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी दशके वाट पाहिली. तहानलेल्या तालुक्याला पाणी हवे, हे खरे. पण पाणी असो वा बंदर, घेणाऱ्या टोकाला बसलेल्यांनी देणाऱ्या टोकाकडे पाहून एक प्रश्न जरूर विचारावा : तिथल्या माणसाचे नाव कोणत्या कागदावर आहे? आणि नसेल, तर त्याचे काही गेलेच नाही, असे म्हणायचे का?