एका कागदावर अनेक राशी : आलेखाच्या इतिहासातील तीन टप्पे



ज्या गणितशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या विषयाशी नाते सांगणारी, परंतु पाठ्यपुस्तकात सहसा न येणारी एक कथा मी आजच्यासाठी निवडली आहे. एक राशी दुसरीबरोबर कशी बदलते हे आलेख दाखवतो, एवढे आपण शाळेत शिकतो. मात्र राशी दोन नसून तीन, चार किंवा सहा असतील, तर त्या एकाच कागदावर कशा बसवाव्यात? मला तर वाटते, हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

स्कॉटलंडचा विल्यम प्लेफेअर (१७५९–१८२३) हा तरुणपणी जेम्स वॉटकडे आरेखक होता. १७८६ साली त्याने व्यापारविषयक आलेखांचे एक पुस्तक काढले. त्यात इंग्लंडचा डेन्मार्क व नॉर्वेशी १७०० ते १७८० या काळात झालेला व्यापार आहे : आयातीची एक रेषा, निर्यातीची दुसरी, आणि दोहोंमधल्या जागेत रंग. शतकाच्या मध्याच्या सुमारास रेषा एकमेकींना छेदतात आणि तोट्याचा व्यापार नफ्याचा होतो. तिसरी राशी, म्हणजे व्यापारशेष, वेगळी न काढताच डोळ्यांपुढे उभी राहते. ही युक्ती मला आजही मोहवते.

पुढे १८२१ साली त्याने १५६५ पासूनचा गव्हाचा भाव, कुशल कारागिराची साप्ताहिक मजुरी आणि राजांच्या कारकिर्दी एकाच चित्रात मांडल्या. मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधी इतका स्वस्त नव्हता, हे त्याला सांगायचे होते. पण हा दावा गुणोत्तराविषयीचा. आणि गुणोत्तर तर त्याने काढलेच नाही! भावाचे स्तंभ व मजुरीची रेषा शेजारी ठेवून भागाकाराचे काम त्याने वाचकाच्या डोळ्यांवर सोपवले. १७८६ मध्ये वजाबाकी दिसली, कारण ती दोन रेषांमधले अंतरच असते. भागाकाराला कागदावर असे घर नसते.

या विद्येचा कळस मानले जाते ते फ्रेंच अभियंता शार्ल जोसेफ मिनार याचे २० नोव्हेंबर १८६९ चे चित्र. तेव्हा तो ८८ वर्षांचा होता. नेपोलियनची १८१२ ची रशियावरील स्वारी त्यात एका पट्ट्याने दाखवली आहे. पट्ट्याची रुंदी म्हणजे सैन्यसंख्या : दहा हजार माणसांना एक मिलिमीटर. स्थळाच्या दोन दिशा, कूच की माघार, तारीख आणि तापमान धरून एकूण सहा राशी होतात. नीमेन नदी ओलांडणारे ४,२२,००० ; मॉस्कोला पोचलेले १,००,००० ; परत आलेले १०,०००.

या चित्राची स्तुती पुष्कळ झाली आहे आणि ती रास्तही आहे. तरी माझी एक शंका. तापमानाची रेषा फक्त माघारीच्या वाटेखाली आहे. ती १८ ऑक्टोबरला शून्यावर सुरू होऊन ६ डिसेंबरला रेओम्यूरच्या मापाने उणे ३० पर्यंत उतरते. पाहणाऱ्याच्या मनात साहजिकच येते की थंडीने सैन्य खाल्ले. परंतु वाटेत वेगळ्या वळलेल्या तुकड्या वगळल्या, तरी निम्म्याहून अधिक सैन्य त्यापूर्वीच, मॉस्कोच्या वाटेवर, नाहीसे झाले होते. उन्हाळ्यातील कूच पट्ट्यात आहे, पण तिच्याखाली कोणतीच राशी नाही. रिकामी जागा कुणी वाचत नाही.

१९८६ साली अमेरिकेतील ऑस्टिनच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीने मॅकिन्टॉश संगणकासाठी ‘लॅबव्ह्यू’ ही प्रणाली आणली. जेफ कोडोस्की हे तिचे जनक. येथे आज्ञा लिहायच्या नसतात; चौकटी मांडून त्या तारांनी जोडायच्या. चौकटीकडे येणारी सर्व आधारसामग्री पोचली की तिचे काम सुरू होते. एका संख्येची तार बारीक असते, संख्यांच्या मालिकेची, म्हणजे ‘ॲरे’ची, जाड. प्लेफेअरने आकड्यांच्या रेषा केल्या. इथे तर खुद्द गणनाच रेषांनी काढलेली.

अनेक राशींचा जुना पेच मात्र येथेही भेटतो. मालिका एकाखाली एक रचून द्विमितीय ॲरे केला, की आलेख प्रत्येक ओळीची एक रेषा काढतो. आता समजा, तापमापकाने १०० नोंदी दिल्या आणि दाबमापकाने ६०. द्विमितीय ॲरेच्या सर्व ओळी सारख्या लांबीच्याच असाव्या लागतात. म्हणून उरलेल्या ४० जागी प्रणाली मुकाट्याने शून्य भरते, आणि दाब एकाएकी शून्यावर कोसळल्याचे चित्र पडद्यावर उमटते. जे मोजलेच नाही, ते मोजल्यासारखे दिसते. मिनारची रिकामी जागा निदान रिकामी तरी होती!

यावर उपाय आहे. प्रत्येक मालिका आधी स्वतंत्र गठ्ठ्यात, म्हणजे ‘क्लस्टर’मध्ये, बांधावी आणि मग त्या गठ्ठ्यांचा ॲरे करावा. गठ्ठ्यातील मालिका आपापली लांबी राखतात. दोन्ही उपकरणांच्या वेळा भिन्न असतील, तर वेळ व मूल्य अशा दोन मालिका एका गठ्ठ्यात घालाव्यात. मग साठाव्या नोंदीपाशी दाबाची रेषा नुसती थांबते, आणि तापमानाची पुढे चालू राहते.