चिकटवही करणारीला भेट काय द्यावी?



बहुतेक घरांत अशी एकजण असतेच. लग्नपत्रिकेवरचा गणपती ती कापून ठेवते. साडीच्या खोक्यातला चकचकीत कागद, एसटीचं तिकीट, राखीचा गोंडा, वाळलेलं पिंपळपान, सगळं एका जुन्या वहीत चिकटवते आणि शेजारी दोन ओळी लिहिते. शाळेत आपण तिला चिकटवही म्हणायचो. आता या छंदाला जंक जर्नल असं नाव आलं आहे. जंक म्हणजे टाकाऊ आणि जर्नल म्हणजे रोजनिशी. टाकाऊ वस्तूंची रोजनिशी, असा सरळ अर्थ. गंमत अशी की त्यासाठी आता रंगीत चिकटपट्ट्या, फुलाफुलांचे कागद, जुन्यासारखी दिसणारी नवी तिकिटंही विकत मिळतात. किंमत ऐकली की आपण हात मागे घेतो.

मग अशा मुलीला, भावजयीला किंवा शेजारणीला संक्रांतीचं वाण म्हणून, वाढदिवसाला, नाहीतर माहेरपणानंतर निघताना थोड्या पैशांत काय द्यावं? आज आपण याचं उत्तर इतिहासात शोधू. हा छंद नवा नाही. आणि तो जपणाऱ्यांना कोणी काय दिलं, याच्या काही नोंदी आजवर टिकून आहेत.

पहिली गोष्ट इंग्लंडची. मेरी डिलेनी या बाईंचा जन्म १७०० सालचा. सतराव्या वर्षी घरच्यांनी त्यांचं लग्न साठीच्या आसपासच्या माणसाशी लावून दिलं. ते वारले. पुढे दुसरं लग्न झालं, तेही पती वारले. १७७२ साली बाई बहात्तर वर्षांच्या होत्या आणि मैत्रिणीच्या घरी राहायला गेल्या होत्या. तिथे टेबलावर जिरेनियमचं लाल फूल होतं आणि शेजारी तशाच रंगाचा कागद पडला होता. त्यांनी कात्री घेतली, कागदाच्या पाकळ्या कापल्या आणि काळ्या कागदावर चिकटवल्या. पुढच्या दहा वर्षांत त्यांनी अशी जवळजवळ हजार फुलं केली. डोळ्यांनी साथ सोडली तेव्हाच थांबल्या. ती फुलं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

एवढा कागद त्यांना मिळायचा कुठून? काही कागद चीनहून येणाऱ्या जहाजांच्या कप्तानांकडून. काही कागद रंगवणाऱ्या कारागिरांकडून, आणि तोही रंग ओघळून बिघडलेला. कारागिराच्या दृष्टीने तो वाया गेलेला माल. बाईंना मात्र त्या ओघळलेल्या रंगात पाकळीवरची छटा सापडायची. लोक त्यांना नमुन्यासाठी ताजी फुलं पाठवायचे, राजाच्या बागेतूनही फुलं यायची. १७८१ साली शार्लट राणीने त्यांना एक भेट दिली. पांढऱ्या साटीनची, जरीकाम केलेली छोटी पेटी. आत चाकू, कात्री, पेन्सिल, पट्टी, कंपास आणि दाभण, आणि एका कप्प्यात राणीने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र. पेटीतली हत्यारं सोन्याची आणि शिंपल्याची होती. ते सोनं आपण राणीकडेच राहू देऊ. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. राणीने तयार फूल दिलं नाही, हाताला लागणारं हत्यार दिलं, आणि सोबत आपल्या हाताची चार अक्षरं दिली.

दुसरी गोष्ट डेन्मार्कची. हॅन्स अँडरसन यांच्या परीकथा आपल्या मुलांनी वाचल्या असतील. वडील चांभारकाम करायचे, आई लोकांचे कपडे धुवायची, असं त्यांचं घर. मोठे झाले, नाव झालं, तरी कात्री सुटली नाही. १८५९ साली क्रिस्तीन नावाच्या तीन वर्षांच्या मुलीसाठी तिच्या आजोबांनी आणि अँडरसन यांनी मिळून एक चित्रवही केली. वर्तमानपत्रं, मासिकं, जाहिराती यांतली चित्रं कापली, रंगवली, चिकटवली, मध्येमध्ये ओळी लिहिल्या. त्यातलं साहित्य रद्दीतलं होतं. त्या लहान मुलीसाठी दोन मोठ्या माणसांनी बसून दिलेला वेळ हीच तिची खरी किंमत.

त्याच सुमारास जर्मनीतल्या छापखान्यांत रंगीत, उठावदार चित्रांचे तक्ते निघू लागले. फुलं, देवदूत, मांजरं अशी ती चित्रं सुटी करून वहीत लावायची. छपाई स्वस्त झाली तशी ती साध्या घरांतल्या मुलांनाही मिळू लागली. अमेरिकेत दुकानदार साबणाची, दोऱ्याची जाहिरात छापलेली चित्रकार्डं गिऱ्हाइकाला फुकट द्यायचे आणि मुली ती वहीत जमवायच्या. ज्यांना कोरी वही परवडायची नाही, त्या जुन्या हिशेबाच्या वहीवर, जुन्या पाठ्यपुस्तकावर, सरकारी अहवालाच्या जाड पुस्तकावर कात्रणं चिकटवायच्या. खालची अक्षरं झाकली की झाली नवी वही! खळ लावताना हात आणि पानं बरबटायची, म्हणून मार्क ट्वेन या लेखकाने आधीच गोंद लावलेल्या पानांची वही काढली आणि १८७३ साली तिचं पेटंट घेतलं. ओल्या बोटाने पुसलं की कात्रण बसायचं.

इथवर ही हौसेची गोष्ट झाली. पण याच वह्यांनी पुढे फार मोठं काम केलं. अमेरिकेत बायकांना मतदानाचा हक्क नव्हता. तो मिळावा म्हणून सुझन अँथनी गावोगाव हिंडत होत्या, भाषणं देत होत्या. वर्तमानपत्रं कधी बातमी द्यायची, कधी टिंगल करायची. त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं, की चांगलं असो वा वाईट, छापून आलेलं सगळं जपून ठेव. मुलीने ऐकलं. त्यातून कात्रणांच्या तेहतीस वह्या झाल्या. १९०३ साली त्यांनी आपलं ग्रंथभांडार लायब्ररी ऑफ काँग्रेस या देशाच्या मोठ्या ग्रंथालयाला दिलं. १९०६ साली त्या वारल्या. देशभरातल्या बायकांना हक्क मिळाला तो १९२० साली. वडिलांनी तेव्हा दिला तो फक्त सल्ला, त्याला एक पैसाही लागला नाही. तरी या सगळ्या भेटींत आम्हाला तीच मोठी वाटते.

न्यूयॉर्क राज्यात जिनिव्हा नावाचं एक लहान शहर आहे. तिथल्या बायकांनी १८९७ साली मतदानाच्या हक्कासाठी एक मंडळ काढलं. सभा घ्यायच्या, वर्गणी जमवायची, पाहुण्या वक्त्यांना बोलवायचं. आपल्या गटांसारखंच म्हणा ना. त्या मंडळातल्या एलिझाबेथ मिलर आणि त्यांची मुलगी ॲन या दोघी मायलेकी १९११ पर्यंत कार्यक्रमपत्रिका, तिकिटं, पत्रं, फोटो, कात्रणं वहीत लावत राहिल्या. अशा सात वह्या झाल्या. त्या दोघींनाही हक्क मिळालेला दिवस दिसला नाही. पण त्या लहान शहरातल्या बायकांनी काय काय केलं, हे आज जगाला माहीत आहे ते या वह्यांमुळे. दुसऱ्या दिवशी चुलीत जाणारा कागद त्यांनी वहीत लावला, म्हणून त्याचा पुरावा झाला.

आपल्याकडे कागद चिकटवण्याची रीत जुनी नाही, पण निरनिराळ्या गोष्टी एका वहीत गोळा करायची आहे. त्याला बाड म्हणत. कीर्तनकारांच्या आणि मठांतल्या बाडांत अभंग, पदं, आरत्या असं जे हाती येईल ते उतरवलेलं असे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतली अशी बाडं मिळवली, म्हणून ती धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात सुरक्षित राहिली. कोणी शोधायला गेलं नसतं तर ती वाळवीने खाल्ली असती.

आता आपल्या दारात येऊ. नाबार्डने बचत गट बँकांशी जोडायची योजना १९९२ साली सुरू केली. तीस वर्षं उलटून गेली. तेव्हा पहिल्यांदा बँकेची पायरी चढलेल्या बायका आज आजी झाल्या आहेत. त्या काळच्या बैठकीची वही, पहिल्या प्रदर्शनातली किमतीची चिठ्ठी, पापडाच्या पाकिटावर चिकटवलेलं पहिलं लेबल, मोर्चाचं पत्रक कुठे आहे? बऱ्याच ठिकाणी किलोच्या भावाने रद्दीत गेलं आहे. म्हणून घरातली मुलगी कागद चिकटवत बसली की 'काय कचरा साठवतेस' असं आपण म्हणू नये. आपला इतिहास लिहून ठेवणारी कदाचित तीच असेल.

तेव्हा वाण ठरवताना आम्ही सुचवतो ते असं.

एक, कागदांचं पाकीट. लग्नपत्रिका, जुन्या कॅलेंडरची चित्रं, बियाण्याच्या पिशवीवरचं चित्र, शिवणकामातली लेस, कापडाचे तुकडे. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहा: कुठलं, कधीचं, कोणाचं. 'आक्काच्या लग्नातली पत्रिका, मांडव शेतात घातला होता' एवढं पुरे. अशी ओळ कुठल्या दुकानात मिळणार नाही.

दोन, हत्यारं. छोटी धारदार कात्री, पट्टी, दाभण आणि जाड दोरा, कापडाच्या उरलेल्या तुकड्यातून शिवलेल्या पिशवीत. आत आपल्या हाताची चिठ्ठी. राणीची भेट आपल्या ऐपतीत बसते ती अशी.

तीन, वही. अर्धी वापरलेली हिशेबाची वही, मागच्या सालची डायरी चालते. मधली काही पानं काढून टाकली तर कागद चिकटवल्यावर वही फुगत नाही. दुमडलेल्या पानाला दोन कडांनी चिकटवलं की कप्पा होतो, त्यात पत्रं सुटी राहतात.

चार, वेळ. एखाद्या दुपारी तिच्याजवळ बसा आणि आपल्या गटाची, आपल्या विहिरीची, आपल्या दुष्काळाची गोष्ट सांगा. ती लिहून घेईल.

मैद्याची खळ घरी होते. ती पातळ लावा, वर वजन ठेवून पान पूर्ण सुकवा. ओलसर राहिलं तर बुरशी येते, खळीवर किडे येतात. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो, तो काही वर्षांत पिवळा पडून तुटू लागतो. महत्त्वाच्या बातमीची झेरॉक्स काढून ठेवा. एसटीच्या मशीनमधून निघणाऱ्या तिकिटावरची अक्षरंही उडून जातात, त्यावरचं गाव आणि तारीख शेजारी लिहून ठेवा.

आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. सातबारा, रेशनकार्ड, पासबुक, कर्जफेडीच्या पावत्या, शाळेचा दाखला, यातलं काहीही चिकटवायचं नाही. चिकटवलेला कागद सोडवताना फाटतो आणि मग कचेरीत खेटे घालावे लागतात. हवीच असेल तर वहीत त्याची झेरॉक्स लावा, मूळ कागद पेटीत.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने घरातला एक जुना कागद आणावा आणि त्यामागची गोष्ट सांगावी. गटातल्या ज्या मुलीला हा छंद आहे तिच्या हाती ते कागद द्या. गटाची पहिली चिकटवही तिथूनच सुरू होईल. आणि गटाने तिला दिलेली भेटही तीच.